फ्रेंड फंक्शन एन्कॅप्सुलेशन मोडत नाही

माननीय संपादक महोदय,

सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना फ्रेंड फंक्शनचा, म्हणजे क्लासचा भाग नसूनही त्याचा प्रायव्हेट डेटा वापरण्याची परवानगी मिळालेल्या फंक्शनचा विषय निघाला, की 'यामुळे एन्कॅप्सुलेशनचा भंग होतो, म्हणून ते टाळावे' हे वाक्य अनेकदा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जाते. (एन्कॅप्सुलेशन म्हणजे क्लासची आतली रचना बाहेरच्या कोडपासून झाकून ठेवणे.) हे वाक्य दिशाभूल करणारे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

क्लास म्हणजे डेटा आणि त्यावर काम करणारी फंक्शने यांची एकत्र बांधणी. क्लासचा प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेला डेटा कोणाला वापरता येईल, हे त्या क्लासच्या व्याख्येत ठरते आणि फ्रेंडची घोषणाही त्याच व्याख्येत करावी लागते. बाहेरचे एखादे फंक्शन स्वतःहून फ्रेंड होऊ शकत नाही. हा अधिकार क्लास लिहिणाराच देतो. त्यामुळे क्लासच्या आतील रचना बदलताना कोणते फंक्शन तपासावे लागेल हे व्याख्या वाचूनच कळते, आणि एन्कॅप्सुलेशनचा मूळ हेतू तरी दुसरा काय आहे?

मॅट्रिक्स आणि व्हेक्टर असे दोन क्लास घ्या. त्यांचा गुणाकार करणाऱ्या फंक्शनला दोघांच्याही आतल्या संख्या थेट हव्या असतात, पण एकच फंक्शन दोन क्लासचे मेंबर, म्हणजे स्वतःचा घटक, होऊ शकत नाही. अशा वेळी दोन्ही क्लासनी त्याला फ्रेंड म्हणून घोषित करणे हा सरळ मार्ग आहे. तो टाळण्यासाठी केवळ या एका कामाकरिता आतली साठवण उघड करणारी पब्लिक (सर्वांना खुली) फंक्शने लिहिली, तर एकाला द्यायचा अधिकार सगळ्या प्रोग्रॅमला मिळतो. एन्कॅप्सुलेशनला अधिक धक्का कशाने बसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. (काम पब्लिक फंक्शनांनीच भागत असेल, तर फ्रेंडची गरज नाही, हेही तितक्याच ठामपणे शिकवायला हवे.)

शिवाय या अधिकाराला भाषेनेच मर्यादा घातल्या आहेत. 'अ' क्लासने 'ब' क्लासला फ्रेंड केले म्हणून 'अ'ला 'ब'चे प्रायव्हेट काही दिसत नाही, 'ब'चा फ्रेंड आपोआप 'अ'चा होत नाही, आणि 'ब'पासून तयार झालेल्या क्लासला हा अधिकार वारशाने मिळत नाही. फ्रेंड फंक्शन त्या क्लासचे मेंबर नसल्यामुळे त्याला त्या क्लासचा 'धिस' पॉइंटर (ज्या ऑब्जेक्टवर, म्हणजे क्लासच्या नमुन्यावर, फंक्शन चालते त्याचा पत्ता) नसतो. ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो. घोषणा पब्लिक भागात केली की प्रायव्हेट भागात, याने काहीही फरक पडत नाही.

खरी सावधगिरी हवी ती फ्रेंड क्लासबाबत. संपूर्ण क्लासला फ्रेंड केले, की त्याच्या आजच्या आणि पुढे लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक मेंबर फंक्शनला प्रवेश मिळतो. शक्य तेथे त्यातील एकाच मेंबर फंक्शनला फ्रेंड करावे. मात्र त्यासाठी तो दुसरा क्लास आधी पूर्ण लिहिलेला असावा लागतो, आणि विद्यार्थी अडतात ते नेमके येथे.

बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या 'सी विथ क्लासेस'मध्ये, म्हणजे सी प्लस प्लसच्या पूर्वरूपात, १९८० मध्येच फ्रेंड क्लासची सोय होती. ती मागाहून लावलेले ठिगळ नाही. जावा या भाषेत फ्रेंड नाही, पण तेथे कोणताही अ‍ॅक्सेस शब्द न लिहिलेला मेंबर त्या पॅकेजमधील (क्लासच्या गटातील) सर्व क्लासना खुला असतो, आणि हे वर्तुळ नावानिशी दिलेल्या परवानगीपेक्षा मोठे आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, की फ्रेंड फंक्शनची व्याख्या आणि तोटे विचारण्याऐवजी दोन-तीन क्लास देऊन त्यांतील कोणते फंक्शन मेंबर, कोणते फ्रेंड आणि कोणते साधे असावे, हे कारणांसह विचारावे.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक