लेन्स घेण्याआधी फोटो दाखव म्हणणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही स्क्रूड्रायव्हर उचलून कामाला लागता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा लिहीत नाही. पुण्यात ज्यांनी कधी कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय, ते ओळखतीलच.

नाटकाच्या रंगीत तालमींचे फोटो मी सोनी ए ६४०० कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेल्या १६-५० मिलिमीटरच्या किट लेन्सवर काढत होते. स्पॉट मंद झाला की आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४००, तरी नटाचा हात पुसलेला. एफ २.८ झूम, म्हणजे छिद्र मोठं उघडून जास्त प्रकाश आत घेणारी, हवी हे पक्कं होतं. प्रश्न कुणाची घ्यायची एवढाच होता. सोनीची स्वतःची १६-५५, टॅमरॉनची १७-७० की सिग्माची १८-५०? बाजारात आल्या तेव्हा अमेरिकेत या तिघींच्या किमती साधारण १४००, ८०० आणि ५५० डॉलर होत्या. इथे रुपयांत आकडे बदलतात, पण अंतर काही मिटत नाही. ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. एक म्हणे, कंपनीचीच घे, एकदाच खर्च होईल. दुसरा म्हणे, नावाचे पैसे कशाला मोजायचे?

तुम्ही दोन्ही तटांना बाजूला सारलंत आणि म्हणालात, "आधी जुने फोटो आण. सगळे. खराब झालेले पण."

मग फोकल लेंग्थप्रमाणे, म्हणजे कमी मिलिमीटरचे रुंद ते जास्त मिलिमीटरचे जवळचे असे, ते लावायला बसवलंत. तेव्हा दिसलं की सुदर्शन रंगमंचावर, जिथे पहिल्या रांगेत बसलं की नट जवळजवळ अंगावरच येतो, तिथले माझे फोटो १६ ते २० मिलिमीटरचे. आणि भरत नाट्य मंदिरात मधल्या रांगेतून काढलेले बहुतेक सगळे ५० वर अडकलेले, नंतर कापून कापून चेहरा जवळ आणलेला. म्हणजे ५० किंवा ५५ ला संपणारी लेन्स, मग ती कुणाचीही असो, भरतमध्ये मला अपुरीच पडणार होती. सोनीची १६-५५ तिथेच बाद झाली, आणि किमतीचा विषय निघायच्या आधी झाली, हे मला फार आवडलं. सिग्मा अवघी २९० ग्रॅमची, टॅमरॉन ५२५ ची. प्रवासाचे फोटो काढणाऱ्याला मी आजही डोळे झाकून सिग्मा सांगेन. माझं काम मात्र ७० शिवाय भागत नव्हतं, म्हणून टॅमरॉन.

दुसरी गोष्ट तुम्ही कागदावर मांडून दाखवलीत. झूम पूर्ण केली की किट लेन्सचं छिद्र एफ ५.६ वर जातं. तिथून २.८ म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), चौपट प्रकाश. शटर १/१२५ सेकंद होतं ते १/५०० होईल, किंवा शटर तेच ठेवून आयएसओ ६४०० चा १६०० करता येईल. मी लगेच टॅमरॉनमधल्या स्थिरीकरणाचं कौतुक करायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "हात तुझा हलला तर ते कामाचं. नटाचा हलला तर शटरच लागणार. किट लेन्समध्येही स्थिरीकरण आहेच की, वाचला का फोटो?" नव्हता वाचला.

दुसऱ्या कंपनीच्या लेन्सबद्दलची माझी धाकधूक तुम्ही हसून उडवली नाहीत, हे विशेष. ई-माउंटची, म्हणजे सोनीच्या कॅमेऱ्याला लेन्स जिथे बसते त्या जोडणीची, मूलभूत माहिती सोनीने २०११ मध्येच इतर लेन्सवाल्यांना विनामूल्य खुली केली, त्यामुळे इथे ऑटोफोकस चाचपडत नाही. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स यायला २०२४ उजाडलं. तेव्हा 'दुसऱ्या कंपनीची घ्यावी का' याचं उत्तर कॅमेरा कुठला यावर ठरतं, असं तुमचं म्हणणं. कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं की लेन्सचंही आलंय का ते बघायचं, आणि बिलाशिवाय स्वस्तात मिळत असेल तर वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवायची, हेही तेव्हाच सांगितलंत.

पण तुमचे खरे आभार त्या आरशासाठी. नवी लेन्स घेऊन आले तर म्हणालात, डबा ठेव बाजूला, आधी ही प्रत तपासू. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवलंत आणि त्याच्या मधोमध एक छोटा आरसा सपाट बसवलात. ट्रायपॉडवरचा कॅमेरा इकडेतिकडे सरकवत राहिलात, आरशातलं लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर येईपर्यंत. तसं आलं की कॅमेरा भिंतीला समांतर झाला, ना पट्टी ना गुण्या. मग आरसा काढला, स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर, छिद्र २.८ वर. १७, ३५ आणि ७० वर एकेक फोटो. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून शेजारी शेजारी लावलीत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात, एकच कोपरा मऊ असेल तर ती प्रत वाकडी, लगेच परत करायची. माझ्या लेन्सचे कोपरे १७ वर जरा मऊ आहेत, पण चारही सारखे. रंगमंचावर कोपऱ्यात असतोही काय, विंगेचा काळा पडदा!

या लेन्सने काय होणार नाही, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. एलईडी दिव्यांखाली आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे येतात. ते अजूनही येतात, त्याला लेन्स काय करणार? तालमीत मी यांत्रिक शटर वापरते आणि दिग्दर्शकाची बोलणी खाते. आणि आठ मीटरवरून ७० ला २.८ ठेवलं तर दीडेक मीटरच खोली स्पष्ट मिळते. पुढे नायिका आणि मागे चौथऱ्यावर बाप असा प्रसंग असला की दोघांतल्या एकाला सोडावं लागतं, नाहीतर छिद्र बारीक करून ४ वर नेऊन आयएसओ पुन्हा चढवायचा. बहुतेकदा मी बापाला सोडते.

पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा घेतलाय. काटा पंचेचाळीसच्या आसपास ठेवते.

तुमचा एकच सल्ला थोडासा मोडला. किट लेन्स विकू नकोस म्हणालात. विकली नाही, पण ग्रुपमधल्या अकरावीतल्या एका मुलीला वापरायला दिली. ती सध्या ५० मिलिमीटर फिक्स (झूम नसलेली) लेन्स घ्यावी की पैसे साठवावेत या विचारात आहे. जुने फोटो घेऊनच जा असं मी तिला बजावलंय. शनिवारी संध्याकाळी येईल, जरा वेळ काढा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाटकवाली