सोमवारपासून सुरू करू नकोस

माहीम, मुंबई
२१ सप्टेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघं विषय सोडून भलतीकडेच जातो, म्हणून लिहायलाच बसलो. नेहाच्या लग्नाच्या आत दहा-बारा किलो उतरवायचं मनावर घेतलंयस, येत्या सोमवारपासून केटो, म्हणजे भात-पोळी जवळपास बंद करून तूप, मासे, अंडी यांवर राहायचा आहार, सुरू करतोयस, आणि मी केलं होतं म्हणून मला सगळं विचारतोयस. सगळं सांगतो. पण आधी एक गोष्ट ऐक. सोमवारपासून सुरू करू नकोस. तुझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय भात-पोळी बंद करू नकोस.

तू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. त्यात एक डॅपाग्लिफ्लोझिन आहे. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. तिच्या जोडीला पिष्ट, म्हणजे भात-पोळीतला स्टार्च, जवळपास बंद केलं, तर शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लासारखे पदार्थ, नको इतके वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. आणि यात फसवणारी गोष्ट अशी, की तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. माणसाला मळमळतं, उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते, आणि घरच्यांना वाटतं पित्त झालंय. दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावते. जेवणातलं पिष्ट गेलं आणि ही गोळी तशीच चालू राहिली, तर साखर एकदम खाली येऊन तू दुकानात उभ्या उभ्या कोसळशील. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. कुठली थांबवायची, कुठली कमी करायची, किती दिवस आधी, हे डॉक्टरांनीच सांगायला हवं. मला मधुमेह नव्हता, त्यामुळे माझा अनुभव तुला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे वाचताना डोक्यात ठेव.

आता माझं. गेल्या वर्षी जानेवारीत माझं वजन चौऱ्याण्णव होतं. माहीम स्टेशनचा पूल चढताना उजवा गुडघा बोलायला लागला होता आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं. आमच्या डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं आणि मगच हो म्हणाले. या आहाराचा इतिहासही त्यांच्याचकडून कळला. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला होता. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या फेफऱ्यावर तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. वजनासाठी त्याचा गाजावाजा झाला तो खूप नंतर. एक उपचार म्हणून जन्माला आलेली गोष्ट आपण शेजाऱ्याचं बघून सुरू करतो, हे त्या दिवसापासून मला खटकतं.

हिशोब सोपा आहे, पाळणं अवघड. दिवसाला पिष्ट आणि साखर मिळून साधारण २० ते ५० ग्रॅम. एका मध्यम पोळीत वीसेक ग्रॅम येतं, वाटीभर भातात चाळीसच्या आसपास. म्हणजे सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या की झालाच दिवस. डाळ, उसळ, बटाटा, केळं, पोहे, सगळं बाहेर. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर नुसतं पिष्ट. उरतं काय? अंडी, मासे, मटण, पनीर, तूप, ओलं खोबरं, आणि भाज्यांत पालक, मेथी, दुधी, पडवळ, वांगं, फ्लॉवर.

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले. ऑफिसात लोक विचारायला लागले, आणि तेव्हा माणूस हुरळतो. पण ती चरबी नव्हती. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं. पोळी-भात पुन्हा सुरू केला की ते परत येतं. हे तुला ठाऊक असावं, म्हणजे पहिल्या आठवड्यात आनंद नको आणि नंतर काटा हलेना झाला की निराशाही नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, हे त्याचं कारण. त्यात आपली मुंबई. मार्चमधला उकाडा, चर्चगेटच्या गाडीतली ती गर्दी, शर्ट पाठीला चिकटलेला. मीठ घामातूनही जात होतं. मग डॉक्टरांना विचारून मी चिकनचं खारट सूप आणि सोलकढी प्यायला लागलो, तेव्हा कुठे डोकं उतरलं. तुला रक्तदाबही आहे, तेव्हा मिठाचंही तू आपल्या मनाने करायचं नाहीस. तोंडाला एक वास येतो, तो ॲसिटोनचा, त्या कीटोनांपैकीच एकाचा. मी खिशात लवंगा ठेवायचो. पोट साफ होईना तेव्हा इसबगोल घेतलं. हे असं सगळं येतं आणि बरंचसं जातं.

पण त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. भूक शांत झाली. माझी भूक तुला माहीत आहे, कॉलेजपासून. संध्याकाळी ऑफिस सुटलं की वड्याच्या कढईचा वास यायचा आणि पाय आपोआप तिकडे वळायचे. एप्रिलमध्ये कधीतरी मी त्याच वड्याच्या गाडीवरून चालत गेलो आणि लोकलमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की वड्याचा विचारसुद्धा मनात आला नव्हता. चाळीस वर्षं मी माझ्या भुकेला माझा स्वभाव समजत आलो होतो. ती शरीरातली एक क्रिया आहे आणि ती बदलू शकते, हे कळणं मला गेलेल्या वजनाहून मोठं वाटतं. नुसतं हे अनुभवण्यासाठीसुद्धा मी पुन्हा तेवढे महिने काढेन.

आणि मासे! दिलीप, मासे मी आयुष्यभर खात आलो, पण रांधायला या काळात शिकलो. गोपी टँकच्या मंडईत आमची नेहमीची कोळीण आहे, तिला मी सांगितलं की मला बोंबील तळायचेत पण तांदळाचं पीठ नको, रवा नको. तिने आधी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग रीत सांगितली. बोंबील मधून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, काटा काढायचा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा. बोंबलात पाणी अफाट. तासाभरात फडकं चिंब होतं. मग हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ चोळून खोबरेल तेलात मंद आचेवर सोडायचा आणि हात बांधून उभं राहायचं. कड तांबूस होऊन तव्यापासून आपण होऊन सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. घाई केली की लगदा. बांगड्याला तर तेलही फारसं लागत नाही, त्याची स्वतःचीच चरबी सुटते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा मात्र अंडी आणि पनीर खाऊन जीव कंटाळला. सुके बोंबील आणि सुकट होती म्हणून निभावलं.

रांधायला मी का शिकलो, हे तुला मुद्दाम सांगायचंय. मेघना पहाटे उठून सगळ्यांचे डबे करते आणि मग स्वतः नोकरीवर जाते. सुरुवातीला माझं वेगळं तीच करायची. फ्लॉवर किसून त्याचा भात, अळशीच्या पिठाची चपटी भाकरी, परत ओंकारची पोळी-भाजी, आईचा मऊ भात. काही दिवसांनी ती ओट्याला टेकून उभी दिसली, डोळे मिटलेले, गॅस चालू. त्याच दिवशी मी माझं जेवण माझ्याकडे घेतलं. आहार माझा, तर रांधणंही माझं, असं माझं पक्कं मत झालंय. तुझ्या घरी येते तीन महिने लग्नाचं घर असणार. वहिनींना साड्या, याद्या, पाहुणे. त्यात तुझं वेगळं ताट त्यांच्यावर टाकणार असशील, तर मला ते मुळीच पटणार नाही.

आणि केळवणं! नाशकात तुमचं केवढं गणगोत. प्रत्येक घरी तू आणि वहिनी पाटावर बसणार, भोवती रांगोळी, पानात मसालेभात आणि जिलबी, यजमानीण आग्रहाला उभी. तिथे तू नुसतं पनीर मागणार आहेस का? गेल्या वर्षी गणपतीत आईने उकडीचे मोदक केले, ऐंशीव्या वर्षी, बसून, एकेक कळी बोटाने काढत. मी ते खाल्ले, तूप सोडून, ठरवून. दोन मोदकांत दिवसाचा सगळा हिशोब संपतो, तिसऱ्याला तर विचारायलाच नको. पुढचे काही दिवस डोकेदुखी परत आली, गोडाची ओढही परत आली. एका सणाला हे चालून जातं. दर आठवड्याला तसं होणार असेल, तर ते केटो उरतच नाही. वर तुझ्या बाबतीत गोळ्यांचा ताळमेळही रोज बिघडणार.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासण्या केल्या. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, छान खाली आले होते, यकृताचे आकडे सुधारले होते, वजन एक्याऐंशी. पण एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १७० च्या पुढे. माझ्या वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला होता हे तुला ठाऊक आहे, तूच होतास माझ्याबरोबर तेव्हा. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं वाढतं, सगळ्यांचं नाही; पण या घराण्यात मी वाट बघणार नाही. मलाही वाट बघायची नव्हती. दिवाळीच्या सुमारास डाळी आणि उसळी परत आल्या, मग ज्वारीची भाकरी. तूप आणि खोबरेल कमी केलं. वर्षभरात चारेक किलो परत आले, एलडीएल पुन्हा खाली आलं. आता वजन पंच्याऐंशीच्या आसपास असतं आणि पूल चढताना गुडघा बोलत नाही. दुपारी उसळ आणि भाजी, रात्री एक भाकरी, भात रविवारी सुरमईच्या कालवणाबरोबर, चहा बिनसाखरेचा. जेवणानंतर मी आणि मेघना शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. लग्नानंतर आमचं एवढं बोलणं या फेऱ्यांतच झालंय.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले आहारसंशोधक ख्रिस्तोफर गार्डनर यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. ६०९ माणसं, बारा महिने. निम्म्यांनी आहारातली चरबी कमी केली, निम्म्यांनी पिष्ट. पिष्टवाल्यांनी सुरुवात दिवसाला २० ग्रॅमपर्यंत उतरून केली आणि मग ज्याला जितकं झेपेल तितकं वाढवलं. सरासरीने दोन्ही गटांत पाच ते सहा किलोच उतरले, फारसा फरक नाही. पण दोन्ही गटांत काहींचं खूप उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. लग्नाची तारीख समोर असताना मला त्यातून तुझ्यासाठी एवढंच दिसतं, की सगळ्यात कडक वाट धरण्याची आत्ता गरज नाही. साखरेचा चहा, बिस्किटं, दुकानात मागवतोस ती भजी, रात्रीचा भात, एवढंच काढ आणि जेवणानंतर अर्धा तास चाल. हेही डॉक्टरांच्या कानावर घालूनच, कारण एवढ्यानेही तुझी साखर खाली येईल. लग्न पार पडल्यावर केटोच करायचं म्हणालास, तर मी दर आठवड्याला तुझ्या मागे लागेन आणि बोंबील दाबायला शिकवायला नाशिकला येईन.

डॉक्टरांकडे जाताना पाकिटंच घेऊन जा, नावं आठवून सांगू नकोस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसाठी) या रक्ततपासण्या आधी करून घे, म्हणजे पुढे तुलना करायला आकडे राहतील. घरात ग्लुकोमीटर आहे, त्याच्या पट्ट्या संपल्या नाहीत ना ते बघ. काय ठरलं ते बुधवारपर्यंत कळव, रात्री साडेनऊनंतर मी मोकळा असतो.

नेहाचं एक केळवण आमच्याकडे आहे, हे मेघनाने सांगायला सांगितलंय. तारीख तिच्याशीच बोलून ठरवा. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, नेहाला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश