सोन्याच्या रानातल्या काकांना आणि त्यांच्या सोबत्यांना

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

इथे सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात. वयाने वडिलांएवढ्या माणसाला नावाने हाक मारणं मला काही जमलं नाही, म्हणून पहिल्यापासून तुम्ही माझे काकाच. हे पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते माझा मुलगा इंग्रजीत सांगेल, पण मला ते आमच्याकडच्या माणसांनीही वाचायला हवं आहे. ऑस्ट्रेलियाच्या रानात सोनं शोधणारा म्हटलं की आमच्याकडे लोकांना एकटा, तुसडा, सोन्यापायी वेडा झालेला म्हातारा डोळ्यांसमोर येतो. तुम्ही आणि तुमचे दोघे सोबती कसे आहात ते मी पाहिलं आहे. ते सांगितल्याशिवाय नुसतं 'आभारी आहे' म्हणून भागणार नाही.

२०२३ साली निकेलचा भाव पडायला लागला. इंडोनेशियाच्या स्वस्त निकेलपुढे इथल्या खाणी टिकेनात, आणि २०२४ मध्ये कंबाल्डाच्या बाजूच्या खाणी एकेक करत बंद पडल्या. त्यातच यांची नोकरी गेली. आम्ही साताऱ्याच्या माण तालुक्यातले, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या खाणींच्या गावात, कॅलगूर्लीत, आमचं रक्ताचं कोणी नाही. घराचा हप्ता, मुलाची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं एकदम अंगावर आलं. हे दिवसदिवस खोलीबाहेर पडत नसत. तेव्हा तुम्ही फाटकाशी येऊन उभे राहिलात. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. रविवारी पहाटे गाडी काढतोय, तिघंही चला, पाणी भरपूर घ्या, एवढंच सांगितलंत. त्याआधी यांना सरकारी कचेरीत नेऊन मायनर्स राइटचा, म्हणजे सोनं शोधायचा सरकारी परवाना काढून दिलात आणि कुठल्या जमिनीवर पाय ठेवायचा, कुठे मालकाची लेखी परवानगी लागते, हे नकाशावर बोट ठेवून समजावलंत. तुमचा जुना डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र, यांच्या हातात दिलात तो आजही आमच्याच घरी आहे.

ब्रॉड अॅरोच्या पलीकडचं ते रान मला पहिल्या दिवशी ओसाड वाटलं होतं. लाल माती, तांब्याच्या रंगाच्या गुळगुळीत बुंध्यांची सामन गमची झाडं, खाली करडी झुडपं आणि डोळ्यांत शिरणाऱ्या माश्या. तुम्ही मात्र चालता चालता वाचत होतात. इथे पांढरी गारगोटी उघडी पडली आहे, इथे लोहखडक सुरू होतो, पाणी पडलं की या उतारावरून माती अशी सरकते, म्हणून जड सोनं इथे अडकणार. पाऊस होऊन गेला की जमीन धुऊन निघते, तेव्हा यंत्राशिवाय नुसत्या नजरेनेही सोनं वेचता येतं, हे तुम्हीच दाखवलंत. आणि मुलाला सगळ्यात आधी शिकवलंत ते सोन्याचं नव्हतंच. झुडपांत पांढऱ्या मातीचा ढीग दिसला की तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची खाणीची उघडी विहीर असणार, काठ ठिसूळ असतो, जवळ जायचं नाही. त्या दिवशी तो तुमच्या बुटांच्या ठशांवर पाय ठेवत चालला. अजूनही रानात गेला की तसाच चालतो.

पहिला तुकडा सापडला तो प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण सतत चालू असते. ती जराशी वर चढून खाली उतरली. यांनी तिथेच पुन्हा पुन्हा कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची चकती, फिरवली. या मातीत लोह इतकं की जमीन स्वतःच यंत्राला फसवते, लोह भरलेला दगडही सोन्यासारखा बोलतो, त्यामुळे यांचा विश्वास बसेना. तुम्ही टिकावाच्या मागे चिकटवलेलं लोहचुंबक खड्ड्यातून फिरवलंत. नालेचा एक गंजका खिळा निघाला. यांचा चेहरा पडला, पण तुम्ही पुन्हा कॉइल लावायला सांगितलंत, तर आवाज तिथेच. मग मूठ मूठ माती काढून कॉइलपुढून न्यायची, आवाज असेल ती मूठ ठेवायची, नसेल ती टाकायची, ठेवलेली अर्धी करायची. शेवटी तळहातावर चिमूटभर माती राहिली आणि तिच्यात तांदळाएवढा खडा. तुम्ही तो थुंकी लावून अंगठ्याने चोळलात. लालीखालून पिवळा रंग निघाला आणि हे कितीतरी दिवसांनी हसले. काका, त्या खड्याचे बाजारात किती आले असते हे मी कधी विचारलं नाही. तो आमच्या देव्हाऱ्यात आहे.

संध्याकाळी शेकोटीपाशी तुमचे सोबती एनॅमलची थाळी घेऊन बसले. एकाने आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवलेलं, दुसरा ड्रिल रिगवरून निवृत्त झालेला. दिवसभराचं सगळं सोनं थाळीत ओतलं आणि छोट्या काट्यावर सारखे वाटे पाडायला सुरुवात केली. लोकरवाल्या काकांची पाठ धरली होती, ते दिवसभर छावणीत पडून होते, त्यांनी फक्त स्टू शिजवला होता. त्यांचाही वाटा तेवढाच. आणि आमचाही! मी म्हटलं, आम्ही तुमच्या गाडीतून आलो, तुमचं डिझेल, तुमचं यंत्र, तुमची जागा, आम्हाला कशाला वाटा? तुम्ही काट्यावरून नजरसुद्धा उचलली नाही. जो छावणीत आहे तो वाट्यात आहे, हा तुमचा नियम, आणि त्यावर चर्चा नाही.

सोनं सापडायची जागा प्रॉस्पेक्टर, म्हणजे सोनं शोधणारा, सख्ख्या भावालाही सांगत नाही, हे मला नंतर कळलं. चाकांचे माग दिसू नयेत म्हणून लोक वाट वाकडी करून जातात. ते कळल्यावर तुम्ही आमच्यासाठी काय केलंत याचा अंदाज आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमचे बाकीचे नियमही माझ्या डोक्यात पक्के बसले आहेत. निघताना कुठे जाणार आणि कधी परतणार हे मागे कोणाला तरी सांगून जायचं, आणि परतल्यावर त्याला कळवायचं. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. मेंढपाळीच्या रानातलं फाटक जसं असेल तसंच सोडायचं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. परक्या माणसाला आपली जागा सांगू नये, पण त्याला पाण्याविना कधीच पुढे जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा रानात कामच काढायचं नाही.

पाण्याचं तुम्ही बोलायला लागलात की मी कान देऊन ऐकत असे, कारण माणमध्ये टँकरच्या रांगेत उभं राहून मी मोठी झाले आहे. १८९२ मध्ये बेली आणि फोर्ड यांना कूलगार्डीला सोनं मिळालं. बेली ५५४ औंस, म्हणजे सतरा किलोंहून जास्त सोनं घेऊन सदर्न क्रॉस गावाला नोंदणी करायला गेला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश सोबत्यांना आजच्या कॅलगूर्लीच्या जागी सोनं सापडलं. माणसांचे लोंढे आले आणि पाणी कुठेच नव्हतं. खाऱ्या सरोवरांचं पाणी लाकडं जाळून उकळायचं, वाफ थंड करून विकायची. ते विकत घेऊन माती धुणं कुणाला परवडणार? म्हणून ड्रायब्लोइंग, माती वाऱ्यावर सोडायची, धूळ उडते आणि जड ते खाली राहतं. तुम्ही दोन घमेली घेऊन ते करून दाखवलंत तेव्हा मी तुमच्या हातातून घमेलं घेतलं. आमच्या खळ्यावर आई ज्वारी उफणते ती अगदी अशीच. मला ते पहिल्या झटक्यात जमलं तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या.

पर्थजवळच्या मंडारिंगहून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास नळ टाकून १९०३ मध्ये पाणी कॅलगूर्लीला पोचलं. ते काम उभं करणारे ओ'कॉनर टीकेने खचले आणि पाणी पोचण्याआधीच, १९०२ मध्ये, त्यांनी जीव दिला. तुम्ही त्या नळाशेजारून जाताना टोपी काढता. माझ्या गावाला पाणी आणणाऱ्या माणसासाठी मीही तेच करेन.

आणि त्या ग्रॅनाइटच्या खडकातल्या कुंडाचं सांगायलाच हवं. तिथे गाडी थांबवून तुम्ही मुलाला वरचे सपाट दगड दाखवलेत. पाण्याची वाफ होऊन जाऊ नये, जनावर पडू नये म्हणून इथले आदिवासी पिढ्यानपिढ्या ती कुंडं झाकून ठेवत आले. सोन्यामागे आलेल्यांनी आणि त्यांच्या घोड्यांनी ती कोरडी केली. हे तुम्ही लपवलं नाही, आपल्याच पूर्वजांचं आहे म्हणून सौम्यही केलं नाही. स्वतःच्या कॅनमधलं पाणी प्यायलात आणि दगड होते तसे ठेवलेत. तुमच्याविषयीचा माझा आदर सगळ्यात जास्त कुठे वाढला असेल तर तो तिथे.

उंटवाल्यांची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. इथे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांच्यात बलुची, सिंधी, पंजाबीही होते. कितीतरी उंट कराची बंदरातून चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पीठ, चहा, यंत्रांचे सुटे भाग, पाणी, सगळं त्यांनी ओढलं आणि बदल्यात अपमान सोसला. तुमच्याकडच्या लोकांनी हे गाव उभं केलंय, तुम्ही पाहुणे नाही, असं तुम्ही यांना म्हणालात. कामाविना घरात बसलेल्या माणसाला त्या एका वाक्याने किती बळ आलं हे तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून आज सांगते.

मोडेस्टो व्हारिस्केट्टीची हकिकत तर मुलाने तुमच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतली. मार्च १९०७, कूलगार्डीजवळचं बॉनी व्हेल, मुसळधार पावसाने खाणीत पाणी भरलं आणि हा इटालियन मजूर वरच्या कप्प्यात हवेच्या पोकळीत अडकला. बाकीचे त्याला मेलेलाच समजत होते, पण खडकावर ठोकल्याचा आवाज आला. खास आगगाडीने पाणबुडे आणि त्यांचं सामान आणलं. फ्रँक ह्यूज नावाचा खाणकामगार पाणबुड्याचा जड पोशाख घालून काळोख्या गढूळ पाण्यातून त्याच्यापर्यंत गेला, त्याला खाणं पोचवलं. नवव्या दिवशी पाणी उतरल्यावर ह्यूजनेच त्याला बाहेर आणलं. परदेशातून आलेला एक मजूर, आणि त्याच्यासाठी अख्खा मुलूख हातातलं काम टाकून उभा राहिला. तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा तुमचा आवाज जड होतो हे माझ्या मुलाने टिपलं आहे. आमच्या घरात तुमच्याबद्दल जी भावना आहे ती याहून वेगळी नाही.

आता यांना सोन्याच्या खाणीत काम मिळालं आहे, पुन्हा जमिनीखाली, सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी. रानातल्या त्या वाट्यांनी आमचे मधले हप्ते भरले गेले, गावाकडे आईच्या औषधाचे पैसे वेळेवर गेले, आणि आम्हाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. तुम्ही, लोकरवाल्या काकांनी आणि ड्रिलवाल्या काकांनी ते अशा रीतीने दिलंत की घेताना कधी मान खाली घालावी लागली नाही. तिघांनाही आम्हा सर्वांचा मनापासून नमस्कार. माझ्या सासूबाईंनी फोनवरून तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मागितलंय, तेही पोचवते.

एप्रिलमध्ये इथला उन्हाळा सरून ऊन उतरलं की निघायचं म्हणालात. यांची सुट्टीची पाळी त्या बेताने लावून घेतली आहे. या खेपेला डिझेल आमचं आणि स्वयंपाकही माझा. भाकरी-पिठलं तुम्हाला आवडतं हे ठाऊक आहे, आणि लोकरवाल्या काकांसाठी तिखट वेगळं काढून ठेवीन. पाठ धरली असली तरी त्यांना घेऊनच या.

तुमची कृतज्ञ,
शेजारच्या घरातली मुलगी
कॅलगूर्ली