यादी ब्रसेल्सची, विमान जोमसोमचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धोकादायक विमान कंपन्यांची काळी यादी भारतानेही करावी, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाची तळमळ पोचली. सोबतचे चार इंजिनांचे जम्बोही पोचले. मजकूर नेपाळच्या एकोणीस आसनी ट्विन ऑटरबद्दल आणि चित्र जम्बोचे! मुक्तिनाथला जाणाऱ्यांचे विमान जिथे उतरते त्या जोमसोमची धावपट्टी पाऊण किलोमीटरसुद्धा भरत नाही. तिथे जम्बो उतरलेच, तर ती बातमी कृपया पहिल्या पानावर घ्यावी.

लेखात नेपाळचा दाखला यादीच्या बाजूने दिला आहे, म्हणून हे पत्र. नेपाळच्या झाडून सगळ्या कंपन्या डिसेंबर २०१३ पासून ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय महासंघाच्या, काळ्या यादीत आहेत; यादीतल्या कंपनीला युरोपात उडता येत नाही. आता पुढच्या तारखा बघा. १६ फेब्रुवारी २०१४, पोखरा-जुमला, ट्विन ऑटर, मृत्यू १८. २४ फेब्रुवारी २०१६, पोखरा-जोमसोम, ट्विन ऑटर, मृत्यू २३. २९ मे २०२२, तोच मार्ग, त्याच जातीचे विमान, कंपनीही तीच, मृत्यू २२. त्यात ठाण्याचे एकाच कुटुंबातले चौघे. १५ जानेवारी २०२३, पोखरा, एटीआर (पंख्यांचे मोठे विमान), मृत्यू ७२. यादी होतीच की तेव्हा!

२०२२ च्या अपघाताचा चौकशी अहवाल लेखकाने उघडला असता, तर लेख वेगळा झाला असता. जोमसोमचे उड्डाण जेमतेम वीस मिनिटांचे आणि नजरेने करायचे. एका हाताला धौलागिरी, दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा, मधून काली गंडकीची घळ. ढगात शिरायचे नाही, समोर ढग दिसला की मागे फिरायचे, हा नियम. दिवस चढला की घळीत वारा सुटतो, त्यामुळे सगळ्या फेऱ्या सकाळी उरकायच्या असतात, आणि मागे फिरणे म्हणजे बहुधा त्या दिवसाची फेरी बुडणे. विमानात डोंगर जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र असते. अरुंद घळीत डोंगर कायमच जवळ, म्हणून ते यंत्र अख्खा वेळ ओरडत राहते आणि वैमानिक ते बंद करून टाकतात. स्वच्छ हवेत त्याने काही बिघडत नाही. त्या दिवशी विमान ढगात शिरले, मार्ग सुटला, आणि पुढचा डोंगर ज्याला ‘दिसला’ असता ते एकमेव यंत्र बंद होते.

ब्रसेल्समध्ये छापलेला कागद त्या बटणापर्यंत कसा पोचणार? तिथवर पोचतो तो आगाऊ न कळवता वैमानिकांच्या मागच्या आसनावर येऊन बसणारा निरीक्षक. पोचते ती उड्डाणानंतर नोंदी उतरवून वाचणारी कंपनी, आणि मागे फिरलेल्या वैमानिकाला ‘का फिरलास’ असे न विचारणारा व्यवस्थापक.

पोखऱ्याच्या एटीआरचे तेच. उतरताना फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ३० अंशांवर न्यायला सांगितले गेले, आणि फ्लॅपच्या दांडीऐवजी शेजारच्या, पंख्यांची पाती वळवणाऱ्या दोन्ही कंडिशन लिव्हर मागे ओढल्या गेल्या. दोन्ही पंख्यांची पाती ‘फेदर’ झाली, म्हणजे वाऱ्याला आडवी व्हायची ती समांतर झाली. इंजिने चालू, ओढ शून्य! आणि नेमके काय झाले ते वेळेत ध्यानात आले नाही. हा प्रश्न सरावाचा आणि लिव्हर हलवण्याआधी डोळ्यांनी खात्री करण्याच्या सवयीचा.

यादीचा उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही. जानेवारी २००४ मध्ये शर्म अल शेखजवळ इजिप्तच्या एका कंपनीचे विमान समुद्रात पडून १४८ जण गेले, बहुतेक फ्रेंच. त्या कंपनीला स्वित्झर्लंडने आधीच मनाई केली होती. फ्रेंच प्रवाशांना त्याचा पत्ता नव्हता. त्यातूनच २००५ चा युरोपीय कायदा आणि २००६ ची पहिली यादी आली. पण यादी दुखते कुणाला? ज्याला युरोपात यायचे आहे त्याला. इंडोनेशियावर २००७ मध्ये सरसकट बंदी आली. तिथल्या गरुडा कंपनीला ॲमस्टरडॅमला जायचे होते, तिने कंबर कसली आणि दोन वर्षांत ती यादीतून सुटली. आपल्यालाही जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने विमान सुरक्षेच्या दुसऱ्या श्रेणीत ढकलले. ठपका कंपन्यांवर नव्हता, डीजीसीएवर, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकावर, होता; पूर्णवेळ उड्डाण निरीक्षकच पुरेसे नव्हते. अमेरिकेच्या नव्या फेऱ्या अडल्यावर पदे मंजूर झाली, माणसे आली आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली.

जोमसोमला जाणाऱ्या कंपनीला पॅरिसला जायचेच नाही. तिचे काय अडले? नेपाळमध्ये विमानतळ चालवणारी आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था आजही एकच. शाळा आणि परीक्षा मंडळ एकाच वाड्यात! ते वेगळे करा, असे युरोप इतकी वर्षे सांगतो आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मात्र २०१७ मध्येच नेपाळवरचा लाल शेरा काढून टाकला. एकाच घराची दोघांनी तपासणी केली, निकाल दोन लागले.

युरोपीय कायद्यातली खरी कामाची गोष्ट लेखात आलीच नाही. प्रत्यक्षात कोणत्या कंपनीचे विमान उडणार, हे तिकीट विकणाऱ्याने प्रवाशाला सांगितलेच पाहिजे, असे त्यात आहे. आता पुण्यातल्या कोणत्याही मुक्तिनाथ सहलीचे माहितीपत्रक घ्या. पोहे कधी, पुरणपोळी कुठल्या मुक्कामी, सगळे तासातासाने छापलेले. विमानापुढे तीन शब्द: ‘अंतर्गत विमानप्रवास समाविष्ट’. पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: कंपनी कोणती, विमान कोणते, हवा बिघडली तर जीपची सोय आहे का आणि तिचे पैसे कोण भरणार, आणि पोखऱ्यात एक मोकळा दिवस ठेवला आहे का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोकळा दिवस नसला की सहल-व्यवस्थापकाची घाई विमान कंपनीच्या खिडकीवर जाते आणि तिथून कॉकपिटमध्ये. जीपने दिवस मोडतो, हाडे खिळखिळी होतात, हे खरे. पण ढगाळ सकाळी तोच मार्ग.

भारताने यादी करायची म्हणजे करणार कोण? डीजीसीएतली निम्म्याच्या आसपास पदे रिकामी असल्याचे संसदीय समितीनेच २०२५ मध्ये सांगितले. आधी आपल्याच विमानांत मागच्या आसनावर बसायला माणसे भरा. परक्यांच्या याद्या मग करू.

लेखकाला विमान सुरक्षेची एवढी काळजी आहेच, तर लोहगावचा आपला विमानतळही फार लांब नाही. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत परवान्याशिवाय जनावर कापायला आणि कचरा टाकायला १९३७ च्या विमान नियमावलीतल्या नियम ९१ ने मनाई केली आहे. कारण साधे आहे: मांसाचे तुकडे पडले की घारी येतात, आणि उड्डाणाच्या वेळी घार इंजिनात गेली की पाती मोडतात. विमाननगर, धानोरी, खराडी सगळे त्या दहा किलोमीटरच्या आतच येते. गेल्या पाच वर्षांत या नियमाखाली किती जणांवर कारवाई झाली, हे आपल्या वार्ताहराने माहिती अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
वारजे, पुणे
(नाव छापू नये)