भूलतज्ज्ञ मॅडम, तुमच्या ‘उद्या नाही’साठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरची. पेशंट माझे यजमान, बेस्टच्या बसवर ड्रायव्हर. एवढ्यावरून तुम्हाला आठवेल असं नाही. परळच्या त्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) रोज किती जण तुमच्या हातून झोपतात आणि उठतात! ऑपरेशन झाल्यावर आमचे पेढे सर्जनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, सिस्टरांना गेले, वॉर्डबॉयलाही गेले. तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, कारण तोवर तुम्ही पुढच्या केसला आत गेला होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. थायमस ग्रंथीच्या गाठीबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. ज्यांच्या घरात हे नाव नव्याने येईल, त्यांनाही वाचू दे.

आमच्याकडे हे दुखणं डोळ्यातून शिरलं. दुसऱ्या पाळीला ह्यांची डावी पापणी खाली यायची. सकाळी माणूस ठणठणीत, आणि दिवेलागणीला समोरच्या एका टेम्पोचे दोन टेम्पो. डेपोत कुजबुज सुरू झाली, “दादा लावून येतात की काय?” चष्म्याचा नंबर बदलून झाला, काही फरक नाही. शेवटी ह्यांनीच साहेबांना सांगितलं की मला गाडी देऊ नका. मग घास घशात अडकायला लागला, आवाज नाकातून यायला लागला. न्यूरोलॉजीच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरने हातमोज्यात बर्फ घालून तो पापणीवर धरला. थोड्या वेळाने काढला, तर पापणी वर! मी तर बघतच राहिले. पुढे रक्ताच्या तपासणीत नाव कळलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकून ढिले पडण्याचा आजार. हा आजार निघाला की छातीचा सीटी स्कॅन करतातच, कारण अशा शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या थायमसमध्ये गाठ सापडते. ह्यांच्यात ती सापडली. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात. लहानपणी शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी तयार करून मोठेपणी सुकून जाणारी ही ग्रंथी. तिचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही तपासायला आलात. ह्यांना म्हणालात, “एक मोठा श्वास घ्या आणि तो सोडता सोडता मोठ्याने आकडे मोजा.” सुदृढ माणूस एका श्वासात सहज चाळीस-पन्नासपर्यंत जातो, हे मला नंतर कळलं. ह्यांचा श्वास विसाच्या आतच संपला. तुम्ही पुन्हा मोजायला लावलंत, पुन्हा तेच. मग फाइल मिटलीत आणि म्हणालात, “उद्या नाही.”

माझ्या दिरांचा पारा चढला. छातीत गाठ घेऊन माणूस बसलाय, यादीत नंबर लागलाय, अर्ध्या गावाने नारळ ठेवलाय आणि ह्या म्हणतात उद्या नाही! ते बोलले ते बोलले, वॉर्डाने ऐकलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या शेजारी बसलात, एका जुन्या कागदाच्या पाठीवर नस काढलीत, स्नायू काढलात, आणि मधल्या फटीत ठिपके. म्हणालात, “नस स्नायूला निरोप देते. ह्यांच्याच रक्तातली प्रतिद्रव्यं निरोप घेणारी दारं बंद करून टाकतात. भूल देताना आम्ही स्नायू सैल करायचं औषध देतो, ते अशा माणसाला थोडंसंही फार होतं. उद्या छाती उघडली तर गाठ निघेल, पण घशातली नळी काढता येईल याची खात्री नाही. ही गाठ सहसा हळू वाढते. ती वाट बघेल, श्वास वाट बघणार नाही.”

दीर गप्प झाले. त्यांना गप्प करणं म्हणजे काय ते आमच्या घरात विचारा!

मग मशीनवर ह्यांच्या रक्तातला प्लाझ्मा बदलला, त्याबरोबर ती प्रतिद्रव्यंही निघून गेली. पिशवीत उसाच्या रसासारखं पिवळट पाणी जमायचं. गोळ्यांचे डोस नीट बसले. पापणी उचलली गेली, ह्यांनी न ठसकता भात खाल्ला. आणि पुन्हा आकडे मोजून घेऊन तुम्हीच यादीवर सही केलीत.

ऑपरेशनचं श्रेय सर्जनसाहेबांचं, त्यात वाद नाही. छातीचं हाड मधोमध उघडून गाठ, सगळी थायमस आणि भोवतीची चरबी त्यांनी अखंड काढली, श्वासपटलाची नस सांभाळून. पण संध्याकाळी ह्यांची नळी निघाली आणि ह्यांनी मला खुणेने नव्हे, तोंडाने हाक मारली, ती तुमच्यामुळे.

आयसीयूबाहेर आमचा भाचा मोबाइलवर किती टक्के जगतात ते वाचून रडवेला झाला होता. जाता जाता तुम्ही त्याला म्हणालात, “आकडा वाचायचा तर आधी टप्पा विचारावा.” ते वाक्य मी धरून ठेवलं. रिपोर्ट आला तेव्हा विचारलं: बी-२ प्रकार (हा गाठीतल्या पेशी कशा दिसतात त्यावरून ठरतो), मासाओका टप्पा दुसरा. दुसरा टप्पा म्हणजे गाठीने आपलं आवरण जरासं ओलांडलेलं, पण शेजारच्या अवयवात शिरलेली नाही. हे टप्पे जपानच्या मासाओका यांनी १९८१ मध्ये पाडले. जपानमधलाच २००३ सालचा एक मोठा अभ्यास आहे, १,३२० रुग्णांचा. त्यात थायमोमाच्या, म्हणजे ह्यांच्यासारख्या थायमसच्या गाठीच्या, पहिल्या टप्प्यातले पाच वर्षांनी १०० टक्के, दुसऱ्यातले ९८ टक्क्यांच्या वर, तिसऱ्यातले सुमारे ८९ टक्के हयात होते. गाठ छातीच्या आत पसरलेल्यांत हाच आकडा ७१ च्या आसपास, आणि लिम्फच्या ग्रंथींत किंवा लांबच्या अवयवांत पोचलेल्यांत जेमतेम ५३. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते हे: तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातही ज्यांची गाठ पूर्ण निघाली त्यांच्यातले जवळपास ९३ टक्के पाच वर्षं जगले, जी काढताच आली नाही त्यांच्यातले ३६ टक्केसुद्धा नाहीत. थायमसचा कार्सिनोमा हा जास्त आक्रमक कॅन्सर मात्र वेगळाच, बराच वाईट. भाच्याने त्याचेच आकडे वाचले होते!

पाच वर्षं झाली की सुटलो, असंही नाही. ही गाठ दहा वर्षांनंतरही फुप्फुसाच्या आवरणावर पुन्हा डोकं काढू शकते, म्हणून सीटी स्कॅन चालूच राहणार. मायस्थेनियाही गेलेला नाही, गोळ्या कमी झाल्यात एवढंच. ह्यांनी स्टिअरिंग सोडलं. आता डेपोत बसूनच काम असतं आणि तिथल्या चहाला रोज नावं ठेवतात, म्हणजे तब्येत बरी आहे.

आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत मायस्थेनिया झालेल्या एका तरुणीची थायमसची गाठ काढली आणि ती सुधारली, असं वाचलं. त्यांचं नाव सगळे घेतात. टेबलावर तिचा श्वास सांभाळणाऱ्याचं फारसं कोणी घेत नाही.

अजून एक. डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही लाल पेनाने टाळायच्या औषधांची यादी दिली होतीत: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रो-लिव्होफ्लॉक्सासिन, शिरेतून मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल. ‘कोणत्याही डॉक्टरला आधी हे दाखवा’ असं खाली दोन रेघा मारून लिहिलेलं. तो कागद लॅमिनेट करून ह्यांच्या पाकिटात असतो. मागच्या पावसाळ्यात लघवीच्या जळजळीसाठी नाक्यावरच्या डॉक्टरांनी सिप्रो लिहिली होती. कागद बघितला, चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली. त्या कागदाच्या झेरॉक्स मी ओपीडीत भेटलेल्या दोघा-तिघांना दिल्यात. तुम्हाला न विचारता दिल्या, पण तुम्ही नाही म्हणाल असं वाटत नाही.

दिवाळीनंतर स्कॅनला परळला यायचंय. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ओटीच्या दाराशी थांबेन. तुम्ही आत असाल तर सिस्टरांकडे ठेवते, बॉक्सवर ‘भूलतज्ज्ञ मॅडम’ असं लिहून.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची बायको, कन्नमवार नगर