पीटी-100 चा आकडा ताळ्यावर आणणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

बेदाण्याच्या खोल्यांचं तापमान आता भरवशाचं दिसतं, त्याबद्दल मनापासून आभार. ते मोजतो पीटी-100, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर; 0 अंशाला त्याचा रोध 100 ओहम. पत्र खुलं ठेवलंय, कारण तासगाव-सांगली पट्ट्यात कोल्ड स्टोरेजं पुष्कळ आणि कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसला की आकडा नाचण्याची तक्रार नेहमीची. अशा वेळी जो तो फिल्टर वाढवायला सांगतो. तुम्ही मात्र आधी गोंगाट, म्हणजे विजेचा नको असलेला संकेत, शिरतो कुठून ते शोधलंत.

तुमची 100 ओहमच्या 0.1 टक्का रेझिस्टरची युक्ती सगळ्यांनी उचलावी अशी आहे. सेन्सर सोडवून रेझिस्टर आधी पॅनेलच्या टर्मिनलवर लावायचा. व्हीएफडी चालू असताना 0 अंश स्थिर दिसला, तर पॅनेल निर्दोष. मग तोच रेझिस्टर केबलच्या खोलीकडच्या टोकाला लावायचा. आता आकडा नाचला, तर दोष केबलच्या वाटेत. आमच्याकडे तो तिथेच निघाला: शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, आणि केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी शील्डमधून करंट फिरतो. तुम्ही शील्ड फक्त पॅनेलकडे अर्थ केलीत, खोलीकडचं टोक कापून स्लीव्ह चढवलीत, ट्रे 30 सेंमी दूर नेलात आणि जिथे केबल ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडलीत. व्हीएफडी ते मोटर या केबलची शील्ड मात्र दोन्हीकडे अर्थ करायची असते. इथे भलेभले गोंधळतात!

आकडा थांबला, पण चूकच होता, कारण जोडणी दोन वायरींची. 40 मीटर अंतर, 1 चौ. मिमी वायर, जाऊन-येऊन सुमारे दीड ओहम. पीटी-100 मध्ये 0.385 ओहम म्हणजे एक अंश. म्हणजे 4 अंशांची खोली 8 दाखवणार, आणि वीज फुकट जाणार. ऑफसेट घालून, म्हणजे ठरावीक आकडा वजा करून, भागत नाही, कारण वायर तापली की तिचा रोधही बदलतो. तीन वायरींची जोडणी हाच इलाज, तिच्यात वायरींचा रोध वजा होतो. तिन्ही एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या. दमट खोलीत एखादं टर्मिनल गंजलं तरी फरक पडतो, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर हंगामाआधी कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांत प्रोब बुडवून शून्य तपासतो.

फिल्टर, म्हणजे सरासरी, सगळ्यात शेवटी. 16 नमुन्यांची सरासरी घेतली की विस्कळीत गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो, पण 50 हर्ट्झची गुणगुण विस्कळीत नसते. तिच्यासाठी सरासरीचा कालावधी 20 मिलिसेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत हवा. खोलीच्या तापमानाला दहा सेकंदांचं डॅम्पिंग (आकडा सावकाश बदलू देणं) चालतं. दाब फार चढला की कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या हाय प्रेशर ट्रिपला ते लावायचं नाही. दाब चढलेला कळेपर्यंत उशीर होतो.

हळदीच्या गोदामातले आर्द्रतेचे सेन्सर अजून तपासायचे राहिलेत. सवड झाली की या.

आपली,
कोल्ड स्टोरेजची मेंटेनन्स मंडळी, सांगली