निळ्या घोड्यांचे पोस्टकार्ड नेमके कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नाझींनी बळकावलेल्या चित्रांवरचा लेख वाचला. विषय चांगला निवडला होता. मात्र त्या काळात हातोहात गेलेली प्रत्येक कलाकृती लेखकाने ‘ज्यूंकडून लुटलेली’ म्हणून एकाच खात्यावर टाकली आहे. सोबत छापलेल्या जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कच्या निळ्या घोड्यांना तर हे वर्णन अजिबात लागू पडत नाही.

ते छोटेसे चित्र म्हणजे एक खरेखुरे पोस्टकार्ड. १९१३ च्या नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून मार्कने ते कवयित्री एल्झे लास्कर-श्यूलर यांना पाठवले. पोस्टकार्डाच्या चिमुकल्या जागेत शाई आणि रंगाने काढलेले चार घोडे एकावर एक चढत गेले आहेत. त्यांच्या अंगावरच्या चंद्रकोरी आणि तारे ही कवयित्रीची आवडती चिन्हे. मार्कने ती मुद्दाम उचलली. याच कल्पनेवरून त्याने त्या वर्षी दोन मीटर उंचीचे तैलचित्र रंगवले.

एल्झे ज्यू होत्या. १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९४५ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा कार्ड त्यांच्याकडूनच हिसकावले असणार, असे कोणालाही वाटेल. पण पैशांची ओढाताण त्यांच्या पाचवीलाच पुजलेली होती, आणि मार्कची कार्डे त्यांनी नाझी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीच बर्लिनच्या नॅशनल गॅलरीला विकली होती. १९३७ मध्ये जप्ती आली ती या सरकारी संग्रहालयावर. सरकारने स्वतःच्याच संग्रहालयांतून सुमारे २०,००० कलाकृती ‘विकृत कला’ (नाझींना न रुचणाऱ्या आधुनिक कलेला त्यांनी दिलेले नाव) म्हणून उचलल्या आणि ३१ मे १९३८ च्या कायद्याने, भरपाई न देता, ही जप्ती मागाहून कायदेशीर करून घेतली. जप्तीच्या नोंदवहीची एक प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तीत अदलाबदल केलेल्या कृतीपुढे ‘टी’, विकलेल्या कृतीपुढे ‘व्ही’ आणि नष्ट केलेल्या कृतीपुढे ‘एक्स’ अशी अक्षरे आहेत. कारकुनी चोख!

हे कार्ड अदलाबदलीत गेले. रोममध्ये राहणारे चित्रकार दांपत्य एमानुएल आणि सोफी फोन यांनी १९३९ मध्ये आपल्याकडची जर्मन रोमँटिक काळातली चित्रे सरकारला दिली आणि बदल्यात अशा ‘विकृत’ कलाकृती घेतल्या. १९६४ मध्ये त्यांनी आपला संग्रह बर्लिनला न देता म्युनिकला दान केला. १९३८ चा तो कायदा युद्धानंतरही रद्द ठरवला गेला नाही, त्यामुळे बर्लिनला कार्ड परत मागता येत नाही.

मोठ्या तैलचित्राचे नशीब आणखी वाईट. ‘विकृत’ कलेची बदनामी करायला १९३७ मध्ये म्युनिकला भरवलेल्या प्रदर्शनात ते टांगले, तेव्हा माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, कारण मार्क पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या व्हेर्दँच्या रणभूमीवर जर्मनीसाठी लढताना पडला होता. सैनिक सन्मानाचा आणि त्याचेच चित्र विकृत, हे त्यांनाही गिळता आले नाही. चित्र उतरवले गेले, नाझी नेता हेरमान गोरिंगच्या ताब्यात गेले आणि १९४५ पासून बेपत्ता आहे.

एवढा कीस काढण्याचे कारण असे. नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींबाबत न्याय्य तोडगा काढावा असे सांगणाऱ्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय ‘वॉशिंग्टन तत्त्वां’मागे मुख्यतः छळ सोसलेली कुटुंबे आहेत: ज्यांच्या घरातून चित्रे नेली किंवा ज्यांना ती मातीमोल भावाने विकावी लागली. सरकारने स्वतःचेच संग्रहालय लुटणे हा वेगळा अन्याय आहे आणि त्याचा कायदाही वेगळा आहे. दोन्हींची सरमिसळ केली की वाचकाला वाटते, सगळीच चित्रे वारसांना परत मिळायला हवीत. मग एखादे परत मिळत नाही म्हटल्यावर ज्यांचा दावा खरा आहे त्यांच्याकडेही तो संशयाने पाहू लागतो.

लेखात चित्राची अंदाजे किंमत ठळक अक्षरांत होती, मालकांची साखळी मात्र कुठेच नव्हती. पुढच्या वेळी चित्राखाली निदान १९३३ ते १९४५ या काळात ते कोणाकडे होते एवढी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मिरज